लाकडी जमीन : सौंदर्याआधी ओलाव्याचा विचार

घराच्या जमिनीचा विषय निघाला, की हल्ली मार्बल, ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स यांच्या बरोबरीने लाकडी जमिनीचाही विचार होतो. लाकडाचा उबदार रंग, त्यावरील नैसर्गिक रेषा आणि अनवाणी पायांना जाणवणारा मऊपणा यांचे आकर्षण शहरी घरांत वाढले आहे. थंडीच्या दिवसांत मार्बल पायाला झोंबतो, तसे लाकूड झोंबत नाही. त्यामुळे वयस्कर मंडळींच्या आणि लहान मुलांच्या खोलीसाठी त्याची आवर्जून निवड केली जाते.

मात्र ही निवड करताना बहुतेकांचे लक्ष असते ते केवळ रंगावर. दुकानातील वीतभर नमुना हातात घेऊन, तो सोफ्याच्या आणि पडद्यांच्या रंगाशी जुळवून निर्णय घेतला जातो. पहिल्याच पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या किंवा चालताना जमीन करकरू लागली, की मग दुकानदार, सुतार आणि घरमालक एकमेकांना दोष देत बसतात. लाकडी जमिनीचा खर्च काही थोडाथोडका नसतो आणि एकदा बसवलेली जमीन उखडून बदलणे म्हणजे सारे घर रिकामे करणे. म्हणूनच रंग ठरवण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव समजून घेणे महत्त्वाचे ठरते. तो स्वभाव एका शब्दात सांगायचा, तर ओलावा.

पावसाळ्यात दार का फुगते?

पावसाळ्यात दारे-खिडक्या फुगतात आणि लागेनाशा होतात, हा आपल्याकडील घरोघरचा अनुभव आहे. सुताराला बोलावून दारावर रंधा मारून घ्यावा, तर हिवाळ्यात त्याच दाराला फट पडते. या साध्या अनुभवात लाकडी जमिनीचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

झाड तोडून, लाकूड वाळवून, त्याच्या फळ्या केल्या तरी लाकडाचे हवेशी असलेले नाते संपत नाही. हवा दमट झाली की लाकूड तिच्यातील बाष्प शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ते परत करते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील ओलावा हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. आर्द्रता ५० टक्के असता तो सुमारे ९ टक्के, तर ८० टक्के असता सुमारे १६ टक्के होतो. ओलावा वाढला की फळी रुंदीला वाढते, कमी झाला की आकसते. लांबीला मात्र ती जवळपास तेवढीच राहते.

ही वाढ किती असू शकते? १२ सेंटीमीटर रुंदीची, नेहमीच्या पद्धतीने कापलेली व्हाइट ओकची अखंड फळी घेतली आणि तिचा ओलावा ९ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, तर ती हिशेबाने सुमारे अडीच मिलीमीटर रुंद होते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत अशा २५ फळ्या बसतात. म्हणजे एकूण वाढ सहा सेंटीमीटरच्या घरात जाते! सागवानाच्या बाबतीत हाच आकडा सुमारे साडेतीन सेंटीमीटर येतो. प्रत्यक्षात पॉलिशमुळे ओलावा सावकाश शिरतो आणि फळ्या एकमेकींना काही प्रमाणात दाबून धरतात. त्यामुळे वाढ एवढी होत नाही. पण लाकूड कोणत्या ताकदीने हालचाल करू पाहते, याची कल्पना या हिशेबावरून यावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबईची हवा दमट, म्हणून तेथे लाकडी जमीन नको आणि पुणे-नागपूरची हवा कोरडी, म्हणून तेथे हरकत नाही, असे सरसकट सांगितले जाते. वास्तविक लाकडाला दमटपणापेक्षा चढउतार अधिक जाचतो. मुंबईची हवा वर्षभर कमी-अधिक दमटच असते. पुण्यात मात्र एप्रिलमधील दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि ऑगस्टमधील सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर असते. नागपूरचा उन्हाळा तर याहून कोरडा. साहजिकच या शहरांत फळी वर्षभरात अधिक हलते. मुंबईतील घरातही दिवसरात्र एअर कंडिशनर चालणारी शयनगृहे आणि समुद्राकडील खिडक्या उघड्या असणारा दिवाणखाना यांचे हवामान एकसारखे नसते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ या मानकात आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून, कोणत्या विभागात इमारती लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवून दिले आहे, ते याच कारणासाठी.

एक नाव, अनेक प्रकार

बाजारात 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली किमान चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांतील फरक न समजल्यामुळे ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते.

पहिला प्रकार अखंड लाकडाचा, म्हणजेच सॉलिड वुडचा. यात साधारण १८ ते २० मिलीमीटर जाडीची फळी वरपासून खालपर्यंत एकाच लाकडाची असते. कडेला खाच आणि जीभ असून एक फळी दुसरीत अडकते. जिभेच्या वरचा पाच-सहा मिलीमीटरचा भाग पुनःपुन्हा घासून नवा करता येतो. त्यामुळे योग्य निगा राखल्यास अशी जमीन दोन-तीन पिढ्या टिकते. पण वर सांगितलेली हालचाल याच प्रकारात सर्वांत जास्त.

दुसरा प्रकार इंजिनिअर्ड वुडचा. यात वरचा थर खऱ्या सागवानाचा, ओकचा किंवा अन्य उंची लाकडाचा असतो. त्याखाली प्लायवुडप्रमाणे आडवे-उभे थर चिकटवलेले असतात. एका थराच्या रेषा दुसऱ्याला काटकोनात असल्यामुळे ते एकमेकांची हालचाल रोखून धरतात. आपल्याकडील हवामानात, विशेषतः फ्लॅटसाठी, हा प्रकार सामान्यतः अधिक सोयीचा ठरतो. मात्र यात पाहायची असते ती वरच्या थराची जाडी. ती ०.६ मिलीमीटरपासून ६ मिलीमीटरपर्यंत काहीही असू शकते. चार मिलीमीटरचा थर दोन-तीन वेळा घासून घेता येतो, दोन मिलीमीटरचा जेमतेम एकदा. कागदासारखा पातळ थर मात्र एकदाही घासता येत नाही. दोन्ही फळ्या वरून अगदी सारख्या दिसतात आणि दोन्हींची एकूण जाडी १४-१५ मिलीमीटरच असते. किमतीतील तफावतीचे रहस्य बहुधा या वरच्या थरात दडलेले असते.

तिसरा प्रकार लॅमिनेटचा. स्वीडनमधील पेरस्टॉर्प या कंपनीने १९७७ मध्ये तो शोधून काढला. यात वर दिसते ते लाकूड नसते, ते असते लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद. त्यावर पारदर्शक, टणक थर आणि खाली लाकडाचे तंतू दाबून तयार केलेला एचडीएफ बोर्ड अशी त्याची रचना असते. ओरखड्यांना तो खऱ्या लाकडापेक्षा चांगला तोंड देतो आणि स्वस्तही पडतो. पण सांध्यांतून पाणी शिरून बोर्ड एकदा फुगला, की तो पूर्ववत होत नाही. तो घासून नवाही करता येत नाही. लॅमिनेटवर एसी-१, एसी-२ अशा श्रेणी लिहिलेल्या आढळतात. त्यांचा एअर कंडिशनरशी संबंध नाही, तर झीज सोसण्याच्या क्षमतेशी आहे. घरासाठी एसी-३ किंवा त्यावरची श्रेणी घ्यावी.

चौथा प्रकार विनाइल किंवा एसपीसीचा. चुनखडीची भुकटी आणि प्लॅस्टिक यांपासून तो बनतो. पाण्याला तो दाद देत नाही, पण त्यात लाकडाचा अंशही नसतो.

यांपैकी कोणताही प्रकार मुळात वाईट नाही. भाड्याच्या घरात किंवा पाच-सात वर्षांनी अंतर्गत सजावट बदलण्याचा विचार असेल, तर लॅमिनेट घेणे शहाणपणाचेच आहे. मात्र छापील कागदासाठी लाकडाची किंमत मोजली जाऊ नये. ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे फळीचा कापलेला तुकडा मागून घेऊन त्याची कड पाहणे. वरच्या रेषा कडेवरही खाली उतरताना दिसल्या, तर ते लाकूड. आठ-दहा फळ्या शेजारी मांडल्यावर तीच गाठ आणि तीच रेष पुनःपुन्हा दिसू लागली, तर ती छपाई.

सागवान, ओक की आणखी काही?

हार्डवुड या शब्दाचा अर्थ 'कठीण लाकूड' असा घेतला जातो, पण तो वनस्पतिशास्त्रातील वर्गीकरणाचा शब्द आहे. रुंद पानांच्या वृक्षांचे ते हार्डवुड आणि पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते सॉफ्टवुड. खेळण्यांतील विमाने करण्यासाठी वापरले जाणारे अतिशय मऊ बाल्सा लाकूडही शास्त्रानुसार हार्डवुडच होय! तेव्हा केवळ 'हार्डवुड' या शब्दावर विसंबू नये.

लाकडाचा कठीणपणा मोजण्यासाठी जगभर जांका चाचणीचा आधार घेतात. ११.२८ मिलीमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवण्यासाठी किती जोर लागतो, हे त्यात मोजले जाते. पौंडांत सांगायचे, तर सागवानासाठी हा आकडा सुमारे १,०७०, व्हाइट ओकसाठी १,३६० आणि हार्ड मेपलसाठी १,४५० आहे. म्हणजे सागवान हे ओक किंवा मेपलपेक्षा मऊच म्हणायचे. असे असूनही आपल्या हवामानात सागवानाला मान आहे, तो त्याच्या स्थिरपणामुळे. हिरवे लाकूड पूर्ण वाळेपर्यंत सागवान रुंदीला साधारण ६ टक्क्यांपर्यंत आकसते, तर व्हाइट ओक आणि मेपल सुमारे १० टक्के. शिवाय सागवानाच्या गाभ्यात मुळातच तेलकट द्रव्ये असल्यामुळे वाळवीही त्याच्या सहसा वाटेला जात नाही. कठीणपणातील उणीव आपल्याकडील एक जुनी सवय भरून काढते. चपला-बूट दाराबाहेर काढून घरात अनवाणी वावरणाऱ्या कुटुंबाच्या जमिनीवर ओरखडे उमटण्याचे प्रमाण आपोआपच कमी राहते.

सागवान घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. बाहेरचा फिकट, पांढुरका भाग म्हणजे झाडाचा रस वाहून नेणारा भाग. वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे यांना तो प्रिय. फळ्यांत हा भाग जितका कमी, तितके उत्तम. कमी वर्षांत वाढवलेल्या लागवडीच्या सागात तो अधिक आढळतो. दुसरी गोष्ट 'बर्मा टीक' या नावाची. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. आज भारतात येणारे सागवान मोठ्या प्रमाणावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडींचे असते. ते वाईट असते असे मुळीच नाही. पण केवळ नावासाठी चढा भाव मोजण्यापूर्वी माल कोठून आला, याचे कागद मागावेत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागवानाची ख्याती तर जुनीच आहे.

ओक, ॲश, वॉलनट ही परदेशी लाकडे दिसायला सुंदर असतात, परंतु ती शक्यतो इंजिनिअर्ड स्वरूपातच घ्यावीत. बांबूच्या पट्ट्या दाबून केलेली जमीनही हल्ली मिळते. बांबू शास्त्रानुसार गवत असला, तरी त्याची जमीन मजबूत होते. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात त्रिपुरातील बांबूची जमीन बसवण्यात आली आहे.

इंजिनिअर्ड आणि लॅमिनेट प्रकारांत थर चिकटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डिंकाचीही चौकशी करावी. त्यांतून फॉर्मल्डिहाइड हा वायू दीर्घकाळ थोडाथोडा बाहेर पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत समाविष्ट केला. म्हणून खोक्यावर 'ई-१' किंवा त्याहून कडक श्रेणी छापलेली आहे ना, हे पाहूनच माल घ्यावा. बंद खिडक्यांच्या, वातानुकूलित शयनगृहासाठी तर हे फारच महत्त्वाचे.

कोणती खोली योग्य?

शयनगृह, अभ्यासिका आणि पावसाची झड न येणारा दिवाणखाना या लाकडी जमिनीसाठी उत्तम जागा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, धुण्याची गॅलरी येथे खऱ्या लाकडाचा मोह टाळावा. तळमजल्यावर जमिनीतून ओल वर चढण्याचा धोका असतो. तेथे ओल रोखणारा थर आणि वाळवीप्रतिबंधक उपाय या दोहोंची खात्री झाल्यावाचून पुढे जाऊ नये.

फ्लॅटधारकांच्या दृष्टीने लाकडाचा एक फायदा म्हणजे त्याचे कमी वजन. २० मिलीमीटर जाडीच्या मार्बलचे वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते, तर १८ मिलीमीटर जाडीच्या सागवानाचे जेमतेम १२ किलो. जुनी मोझॅक किंवा सिरॅमिकची फरशी घट्ट आणि सपाट असेल, तर ती न फोडता तिच्यावरच इंजिनिअर्ड फळ्या बसवता येतात. धूळ, आवाज आणि सोसायटीची परवानगी हे सारे प्रश्न त्यामुळे सुटसुटीत होतात. मात्र जमीन १६-१७ मिलीमीटरने उंचावते, हे ध्यानात ठेवून दारे खालून कापावी लागतील का, हे आधीच पाहावे.

बसवण्याची घाई नको

लाकडी जमिनीच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ ती बसवण्याच्या दिवसांत असते. नव्या इमारतीचा ताबा मिळतो, दिवाळीपूर्वी गृहप्रवेश करायचा असतो आणि ऐन पावसात, ओल्या कोब्यावर फळ्या अंथरल्या जातात. कोबा वरून कोरडा दिसला, तरी त्याच्या पोटात पाणी असते. चांगल्या हवेत कोब्याची साधारण २५ मिलीमीटर जाडी सुकायला एक महिना लागतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ५० मिलीमीटरच्या कोब्याला दोन महिने हवेत आणि पावसाळ्यात त्याहूनही जास्त.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा कोबा काळसर पडला, तर थांबावे. चांगल्या कारागिराकडे ओलावा मोजण्याचे छोटे यंत्रही असते. ते कोब्याला आणि फळ्यांना लावून दाखवण्याचा आग्रह धरावा.

फळ्या दुकानातून आणल्या की लगेच बसवू नयेत. ज्या खोलीत त्या बसवायच्या, त्याच खोलीत किमान दोन-तीन दिवस त्या ठेवाव्यात. अखंड लाकूड असेल, तर त्याहून अधिक काळ ठेवावे. त्या अवधीत त्या तेथील हवेशी जुळवून घेतात. ऋतूचाही विचार करावा. भर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या बसवल्या, तर उन्हाळ्यात त्यांच्यात फटी पडतात. एप्रिल-मेमध्ये अगदी सुकलेल्या फळ्या घट्ट बसवल्या, तर जुलैत त्यांना फुगायला जागा उरत नाही. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ त्यामुळे अधिक चांगला.

बसवताना भिंतीलगत चारही बाजूंनी साधारण १० मिलीमीटरची फट सोडावी लागते. नवख्या कारागिराला ही फट म्हणजे कामातील दोष वाटतो आणि तो फळ्या भिंतीला नेऊन भिडवतो. पुढे त्या फुगल्या, की बाजूला जागा नसल्यामुळे मध्यभागी तंबूसारख्या वर उचलल्या जातात. ही फट स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकली जाते. ती पट्टी भिंतीला ठोकावी, जमिनीला नव्हे. कोब्यावर आधी प्लॅस्टिकचा ओलप्रतिबंधक थर आणि त्यावर फोमची पातळ चटई अंथरली, तर ओल अडते आणि खालच्या मजल्यावर पावलांचा आवाजही कमी जातो. कोबा किंवा जुनी फरशी दोन मीटर अंतरात तीन मिलीमीटरपेक्षा अधिक वरखाली असू नये. अन्यथा फळ्या लवतात आणि चालताना करकरतात.

रोजची निगा

आपल्याकडे फरशी पुसणे म्हणजे बादलीभर पाणी, त्यात फिनेल आणि निथळणारे फडके. लाकडी जमिनीसाठी याहून घातक गोष्ट नाही. घरकाम करणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी हा फरक नीट समजावून सांगायला हवा. रोज मऊ झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने केर काढावा. कारण पायांखाली घासली जाणारी बारीक रेती पॉलिशचा खरा शत्रू आहे. आठवड्यातून एक-दोनदा घट्ट पिळलेल्या, जेमतेम ओलसर फडक्याने फळ्यांच्या लांबीच्या दिशेने पुसावे आणि लागलीच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पुसल्यानंतर एखाद्या मिनिटात जमीन आपोआप सुकली नाही, तर फडके अधिक ओले होते असे समजावे. फिनेल, सोडा, व्हिनेगर, ब्लीच यांनी पॉलिश निस्तेज होते. वाफेच्या यंत्राने तर ओलावा थेट सांध्यांत शिरतो.

खुर्च्या, टेबल आणि पलंग यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवावेत आणि ते झिजले की बदलावेत. दाराशी जाड पायपुसणे ठेवावे. थेट ऊन येणाऱ्या खिडकीला पडदा हवा, कारण उन्हाने लाकडाचा रंग बदलतो. सागवानाचा रंग उजेडात हळूहळू एकसारखा सोनेरी तपकिरी होतो, तर वॉलनट फिकट पडते. गालिचा वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवला, तर त्याखालील चौकोन वेगळ्या रंगाचा राहतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने तो अधूनमधून हलवावा.

आपल्या सणवारांचाही विचार हवा. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती लाकडावर थेट काढली, तर पुसताना बारीक ओरखडे पडतात. पाटावर किंवा फरशीच्या तुकड्यावर ती काढावी. पणत्या आणि समईखाली ताम्हन किंवा ताटली ठेवावी, म्हणजे तेल लाकडात मुरणार नाही. हळदीचा डाग तेलाचे फिनिश असलेल्या जमिनीत खोल जातो. देवघराची चौकट, तुळशीची किंवा शोभेची कुंडी, पिण्याच्या पाण्याचा माठ या सर्व जागा लाकडी जमिनीपासून दूर असाव्यात किंवा त्यांच्याखाली दगडाचा तुकडा असावा.

पावसाळ्यात झड येणाऱ्या खिडक्या वेळीच बंद कराव्यात आणि ओल्या छत्र्यांची सोय दाराबाहेर करावी. एअर कंडिशनरची पाण्याची नळी तुंबलेली नाही ना, हे जूनपूर्वीच पाहून घ्यावे. आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र भिंतीवर लावले, तर घराची हवा कळते. ती ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असणे लाकडाला सर्वाधिक मानवते. मुंबईच्या जुलैत हे नैसर्गिकरीत्या शक्य नाही. त्या दिवसांत एअर कंडिशनर 'ड्राय' स्थितीत काही तास चालवल्यास फरक पडतो. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घरात मात्र ही देखभाल होणे अवघड, म्हणून तेथे खऱ्या लाकडाचा विचार न केलेलाच बरा.

बिघाड झाला तर?

फळ्यांच्या कडा वर आणि मधला भाग खोलगट, असे दिसू लागले की समजावे, फळीच्या पोटाला पाठीपेक्षा जास्त ओलावा मिळतो आहे. अशा वेळी आधी ओलाव्याचे कारण शोधावे. ते गळका नळ, शेजारच्या न्हाणीघराची भिंत किंवा न सुकलेला कोबा यांपैकी काहीही असू शकते. ते कारण दूर झाले, तर पुष्कळदा हिवाळ्यापर्यंत फळ्या आपोआप बऱ्याच सपाट होतात. येथे घाईने मशीन लावून उंचावलेल्या कडा घासून टाकल्या, तर पुढे लाकूड वाळल्यावर त्याच फळ्या मध्यभागी फुगीर आणि कडेला बसक्या होतात. पावसाळ्यात दारावर रंधा मारून हिवाळ्यात फट ओढवून घेण्यासारखेच हे. हिवाळ्यात-उन्हाळ्यात पडणाऱ्या केसाएवढ्या फटीही नैसर्गिक असतात. त्या लांबी भरून बुजवू नयेत, कारण पावसाळ्यात फळ्या फुगल्या की ती लांबी बाहेर फेकली जाते.

पॉलिश अद्याप शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी जमिनीवर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक. काही मिनिटांत लाकूड त्या जागी गडद झाले, तर पॉलिश झिजले आहे. झीज वरवरची असतानाच हलकेसे घासून नवा थर दिला, तर लाकूड खाली मूळ स्थितीत राहते आणि खर्चही वाचतो. पीयूचे फिनिश टणक आणि रोजच्या वापरात कमी त्रासाचे असते. पण त्यावरील खोल ओरखडा दुरुस्त करायला बहुधा सगळी खोली घासावी लागते. तेलाच्या फिनिशला वरचेवर तेल द्यावे लागते, मात्र तेवढाच डागाळलेला भाग दुरुस्त करता येतो. आपल्याला यांपैकी कोणती मेहनत झेपेल, हे आधीच ठरवावे.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

● फळी अखंड लाकडाची, इंजिनिअर्ड, की लॅमिनेट? कापलेला तुकडा दाखवा.
● इंजिनिअर्ड असल्यास वरचा थर किती मिलीमीटर? तो किती वेळा घासता येईल?
● फळ्यांतील आणि कोब्यातील ओलावा मोजून लेखी द्याल का?
● डिंकाची श्रेणी कोणती?
● हमी मालाची, की बसवण्याचीही? ओलाव्यामुळे होणारे नुकसान तीत धरले आहे का?
● कापाकापीत जाणाऱ्या मालासाठी क्षेत्रफळाच्या किती टक्के जादा फळ्या घ्यायच्या? त्यांतील चार-सहा फळ्या पुढील दुरुस्तीसाठी घरी राखून ठेवाव्यात, कारण तोच रंग काही वर्षांनी मिळेल याची शाश्वती नसते.

यांतील ओलाव्याचा आणि हमीचा प्रश्न विचारल्यावर विक्रेता कसा उत्तर देतो, यावरून त्याची पारख होते. 'काही होत नाही, निर्धास्त राहा' असे म्हणणाऱ्यापेक्षा 'कोबा सुकू द्या, महिनाभराने या' असे सांगणारा अधिक विश्वासाचा.

पुण्या-नाशिकच्या वाड्यांतील आणि कोकणातील घरांच्या माळ्यावरील सागवानी फळ्या शंभर वर्षांनंतरही पायांखाली भक्कम लागतात. त्या खालून-वरून हवा खेळती असलेल्या जागी होत्या, त्यांवर पाणी ओतले जात नव्हते आणि एखादी फळी खराब झाली, तर गावातला सुतार तेवढीच बदलून देत असे. आजच्या सदनिकेत कोब्याला चिकटून असलेल्या फळीला हे वातावरण आपणहून लाभत नाही, ते आपल्याला निर्माण करावे लागते. तेवढा वेळ आणि शिस्त घरात असेल, तर लाकडी जमीन घ्यावी आणि मनापासून जपावी. नसेल, तर एखाद्या शयनगृहापुरती ती हौस भागवून बाकी घरात फरशीच ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही.